फोटोतला डावा माणूस

भिंतीवरची फ्रेम तुम्ही पुढून बघता. मी पंचेचाळीस वर्षं ती मागून बघत आलोय. पुढून देव, आजोबा, नवरा-नवरी, पदवीचा कागद. मागून मात्र सगळे सारखेच: एक फळी, आठ-दहा बारीक खिळे आणि कडेनं चिकटवलेली खाकी पट्टी. त्या फळीच्या आत काय असतं हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी एका विमानवाल्यापायी ते अर्ध्या हुबळीला सांगत फिरावं लागलं. त्यात माझी चूक होती, पण सगळी माझी नव्हती. मंडळाच्या अहवालात सगळी माझ्या नावावर लिहिलीय म्हणून हा लेख.

लॅमिंग्टन रोडच्या आतल्या बोळात माझं फ्रेमचं दुकान आहे. दुकान आता मुलगा महेश बघतो, आणि तो नीट बघतो की नाही ते मी बघतो. वडील हमाल होते. मी भाड्याच्या सायकलला काचा बांधून, त्या न फोडता गल्लोगल्ली पोचवत हा धंदा शिकलो. दुकान स्वतःचं केलं, घर केलं, आणि वाटेत माझा स्वभावही जरा तिखट झाला. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "चार काड्या आणि एक काच, त्याचं एवढं?" मी त्याच्या हातात चार काड्या आणि एक काच दिली आणि म्हणालो, "घ्या, फुकट. लावा घरी जाऊन." तो तासाभरानं रक्ताळलेलं बोट घेऊन परत आला. मी आधी बोटाला पट्टी बांधली आणि मग भाव वाढवला.

आमच्या धंद्यात निम्मं काम बसवण्याचं आणि निम्मं कापण्याचं. लोकांना वाटतं फोटो जपायला आणतात. कापायलाही आणतात. वाटणी झाली की भाऊ फोटोतून वेगळे होतात. लग्न मोडलं की नवरी एकटीच हसत उभी राहते, खांद्यावर मात्र दुसऱ्याच्या हाताची चार बोटं उरतात, ती मी शाईनं साडीच्या रंगात मिसळतो. एका जावयानं तर सासऱ्यांचा फोटो चंदनाच्या हारासकट करून घेतला होता. मी विचारलं, "कधी गेले?" तो म्हणाला, "नाही हो, अजून आहेत. पण तेव्हा धावपळ नको." असल्या कामात पुठ्ठा बघायचा, काच बघायची, माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, असा मी स्वतःला नियम घालून घेतला होता. हा नियम मला नडला.

आता फळीच्या आतलं गुपित. चित्र आणि मागची फळी यांच्यात जागा उरते. ती भरली नाही तर चित्र आत घसरतं, पावसाळ्यात पोक काढतं. म्हणून आत भर घालायची. भर म्हणजे जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या फोटोंची कापलेली बाजू. पूर्वीचे फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असायचे. तसला पुठ्ठा आता बाजारात मिळत नाही. तो फेकणारा कारागीर मी अजून बघितला नाही.

आमच्या मराठी मंडळानं धारवाडच्या विंग कमांडर कित्तूरकर साहेबांचा सत्कार ठरवला. साहेब सत्त्याहत्तर वर्षांचे. एकाहत्तरच्या लढाईत ते बॉम्बफेकी विमानात नॅव्हिगेटर होते, आणि तेविसाव्या वर्षी त्यांना वीरचक्र मिळालं. आपल्या भागातला असा माणूस इतकी वर्षं भाजी घेऊन रांगेत आपल्या पुढं उभा असायचा आणि कुणाला पत्ता नव्हता. सभागृहात त्यांचा मोठा फोटो लावायचा ठरला.

मंडळाचे चिटणीस जमखंडीकर वकील एक फोटो घेऊन दुकानात आले. जाड पुठ्ठ्यावरचा, जुना, फारच सुंदर. विमानाच्या नाकाखाली दोन तरुण उभे. उजवीकडे कित्तूरकर, हसताहेत. डावीकडे एक उंच माणूस, हातात शिरस्त्राण.

"आपला माणूस उजवा," वकील म्हणाले. "शेजारचा कोण आहे तो काढून टाका. सभागृह आपलं, फोटो आपल्याच माणसाचा हवा."

मी चिठ्ठीवर लिहिलं: उजवा ठेव, डावा काप. आणि कापला. एका दमात, सरळ रेषेत. एवढी सरळ रेष हुबळीत दुसरं कोणी कापून दाखवावं. महेश म्हणाला होता, "अण्णा, आधी स्कॅन करून घेऊया की." मी म्हणालो, "तू मला शिकवायलायस?" माझ्या दुकानात मूळ फोटोच फ्रेममध्ये बसतो, नक्कल नाही, ही माझी ऐट.

सत्काराला सहा दिवस राहिले तेव्हा साहेब स्वतः फ्रेम बघायला आले, आणि सोबत वकील. मी फ्रेमवरचा कागद काढला. साहेब हसत होते ते थांबले.

"कुरियन कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी पंख्याकडे बघितलं.

"वकीलसाहेबांनी कापायला सांगितलं," मी म्हणालो.

"मी 'नीट बसवा' एवढंच म्हणालो होतो," वकील म्हणाले. "तुमच्याकडे लेखी आहे का?"

लेखी होतं, पण माझ्याच अक्षरात. वकिलापुढं त्याची किंमत काय ती तुम्हाला माहीत आहे. माझ्या हातात हातोडी होती. दुकानामागच्या घरातून बायकोचा आवाज आला, "अहो, हातोडी खाली ठेवा." ती मला न बघता ओळखते.

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी मला बोलता येतं. ते स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, प्रत एकच आहे, जपून द्या, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ह्यांना सांगितलं का?"

वकिलांना अचानक कोर्टात तारीख असल्याचं आठवलं. ते गेले. मग साहेबांनी मला सांगितलं ते असं.

कुरियन हा पायलट. कोट्टायमकडचा, साहेबांपेक्षा चार वर्षांनी मोठा. त्यांच्या विमानात माणसं दोनच. पायलट वर काचेच्या घुमटात, नॅव्हिगेटर त्याच्या पुढं, खाली, विमानाच्या नाकात. बॉम्ब टाकताना नॅव्हिगेटरनं पोटावर पालथं पडायचं, खाली बघायचं आणि पायलटला सांगायचं: डावीकडे, डावीकडे, स्थिर, स्थिर.

"म्हणजे तुम्ही हात लावणार नाही, नुसतं सांगणार?" मी विचारलं.

"आमच्या मिसेस म्हणतात, ती सवय अजून गेली नाही."

त्या रात्री शत्रूच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकून ते वळले आणि खालच्या तोफेचा गोळा विमानाला लागला. कुरियनच्या डाव्या खांद्याचं मांस उडालं. विमान खाली घसरायला लागलं.

"आता एक गोष्ट नीट ऐका, अण्णा," साहेब म्हणाले. "त्या विमानात पायलटच्या खुर्चीला एक दांडा होता. तो ओढला की खुर्ची माणसासकट बाहेर फेकली जायची, वर छत्री उघडायची. माझ्या जागेला तसली खुर्ची नव्हती. मला दारापर्यंत सरपटत जाऊन उडी मारावी लागणार, आणि आम्ही इतके खाली होतो की उडी मारून उपयोग नव्हता. हे त्याला माहीत होतं. त्यानं दांडा ओढला असता तर त्याला कुणी काही म्हटलं नसतं."

"मग?"

"मग काय. मी मागं सरपटत गेलो, माझ्या गळ्यातला रुमाल त्याच्या खांद्यात कोंबला आणि एका हातानं तो दाबून धरला. दुसऱ्या हातात नकाशा. तो उजव्या हातानं विमान चालवत होता आणि मधेमधे झोपल्यासारखा व्हायचा. मी त्याच्या कानाशी ओरडायचो. दिशा सांगायचो, आणि दिशा संपली की शिव्या द्यायचो. मराठीत. त्याला कळत नव्हत्या, पण डोळे उघडायचे. पन्नास मिनिटं. उतरलो तेव्हा उजाडत होतं. कागदावर लिहिलंय की मी असामान्य धैर्य दाखवलं. मी कुठं जाणार होतो? दार उघडून खाली? जायची सोय होती ती त्याला. तो गेला नाही."

दोघांनाही वीरचक्र मिळालं. दोन वर्षांनी कुरियन साध्या सरावाच्या उड्डाणात गेला. लग्न झालं नव्हतं. आई होती, तीही गेली. तो जिवंत होता असं सांगणारा हा एवढाच फोटो साहेबांकडे होता.

"तीन वर्षं आम्ही एकत्र उडलो," साहेब उठताना म्हणाले. "तो भिंतीवर नसेल तर मीही नको. वकिलांना तसं कळवा."

ते गेल्यावर मी अर्धा तास कुणावर ओरडलो नाही. महेश घाबरून पाणी घेऊन आला.

कापलेला भाग फेकलेला नव्हता, एवढं नक्की. आणि म्हणूनच तो दुकानात नव्हता. इतका उत्तम पुठ्ठा मी कुठल्यातरी फ्रेममध्ये भर म्हणून घातला असणार. कुणाच्या? मापाच्या चिठ्ठ्या मी खिळ्याला टोचून ठेवतो. पुठ्ठा मावेल एवढ्या मोठ्या फ्रेमा महिन्यापूर्वी, फोटो कापला त्या आठवड्यात, तीनच झाल्या होत्या: विद्यानगरच्या सबनीस बाईंची, कलघटगीच्या हनमंतगौडांची आणि मिरचीवाल्या गुरुपादप्पांची. तिन्ही घरी जाऊन मला माझ्याच तोंडानं सांगावं लागणार होतं की मी तुमच्या फ्रेमच्या मागं रद्दी घालतो.

सबनीस बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या दिवाणखान्यात मोतीचा, म्हणजे गेलेल्या कुत्र्याचा फोटो आहे. यजमानांचाही आहे, पण त्यापेक्षा लहान. मी फळी काढली. आत एका खानावळीचं जुनं दरपत्रक आणि निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचा हात जोडलेला फोटो निघाला.

"हा मोतीच्या मागं होता?" बाईंनी विचारलं.

"भर लागते बाई."

"मोतीनं ह्याच गृहस्थांना प्रचाराला आले तेव्हा चावा घेतला होता," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडून पांढरा कोरा पुठ्ठा घालून घेतला. शाळेत असल्यासारखं मला दारापर्यंत जाऊन "पुन्हा असं करणार नाही" म्हणायला लावलं ते वेगळंच.

कलघटगीला हनमंतगौडांच्या तांदळाच्या वखारीत त्यांच्या वडिलांचा फोटो. गौडा आधी म्हणाले, "एनरी अण्णा, काय हो, इतक्या लांब? जेवूनच जायचं." मी फळी काढली आणि आतून एक लग्नपत्रिका निघाली. गौडांनी वाचली आणि जेवणाचं आमंत्रण तिथंच संपलं. ज्या घराण्याशी त्यांचा बांधावरून वीस वर्षं दावा चाललाय त्यांच्या घरचं लग्न. गौडांच्या अप्पांच्या पाठीशी, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' म्हणत, ती पत्रिका टेकून बसली होती.

"तरीच!" गौडा ओरडले. "तरीच अप्पा तीनदा भिंतीवरून पडले!"

फ्रेम तीनदा पडली कारण खिळा त्यांनी स्वतः ठोकला होता. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

राहिले गुरुपादप्पा. ब्याडगी मिरचीचे व्यापारी. दुकानात शिरलं की नाक, डोळे, घसा तिन्ही एकदम कामाला लागतात. गादीच्या वर भिंतीवर मी केलेली लक्ष्मी. सोनेरी पट्टी, दुहेरी नक्षी, माझ्या उत्तम कामांपैकी एक. तिच्या भावावरून त्यांनी माझ्याशी तीन दिवस घासाघीस केली होती. मी त्यांना मनातून मानतो. तसं मी फार थोड्यांना मानतो.

"लक्ष्मी खाली उतरवायची?" गुरुपादप्पा म्हणाले. "आगंगिल्लरी. होणारच नाही. ही आली आणि त्याच आठवड्यात माझा अडकलेला माल सुटला. भिंतीवरून ती हलायची नाही."

मी गोड बोललो. मग दुसरी मोठी फ्रेम देतो म्हणालो. मग चांदीच्या पट्टीची देतो म्हणालो. मग ओरडलो. त्यांनी मला पाणी दिलं आणि सांगितलं, "दिवाळीनंतर बघू."

दिवाळीला दीड महिना होता आणि सत्काराला दोन दिवस. मी धारवाडला जाऊन साहेबांना स्कूटरवर मागं बसवून आणलं. "आता डावीकडे, मग दुसरं उजवीकडे, त्या टेम्पोच्या आधी," असं वाटभर चाललं होतं. धारवाडचे साहेब हुबळीतले रस्ते मला सांगत होते. पण वेळेत पोचलो.

साहेबांनी गुरुपादप्पांना नमस्कार केला. घासाघीस नाही, विनंती नाही. कन्नडात, शांतपणे, दुकानात सांगितलं तेवढंच सांगितलं: दांडा, खुर्ची, रुमाल, पन्नास मिनिटं. एक मुनीम मिरच्यांचा हिशेब सोडून ऐकत उभा राहिला. गुरुपादप्पांचे डोळे पाणावले. अर्थात तिथं सगळ्यांचेच पाणावलेले असतात.

"म्हणजे त्यानं विमान सांभाळून घरी आणलं," गुरुपादप्पा म्हणाले.

"हो."

"आणि गेला महिनाभर तो माझ्या लक्ष्मीच्या मागं आहे."

"असला तर," मी म्हणालो.

"लक्ष्मी खाली येणार नाही. भिंतीवर असतानाच मागून उघडता येतं का बघा."

असं काम पंचेचाळीस वर्षांत मी केलं नव्हतं. मिरच्यांच्या पोत्यांवर पोती रचली. त्यावर मी चढलो, हातात पक्कड. मुनीम आणि दुकानातून बोलावून घेतलेला महेश फ्रेमची खालची बाजू भिंतीपासून वीतभर ओढून धरून. मी गाल भिंतीला लावून त्या फटीत हात घातला. दिसत काही नव्हतं, आणि पोत्यातून उठणाऱ्या धुरळ्यानं शिंका सुरू झाल्या. एका शिंकेला लक्ष्मी वीतभर हलली. गुरुपादप्पांनी डोळे मिटून मोठ्यानं जप सुरू केला.

तेवढ्यात खालून साहेबांचा आवाज आला. ते गादीवर चक्क पालथे पडले होते, मान वाकडी करून भिंतीच्या फटीत वर बघत.

"अण्णा, डावीकडे. आणखी डावीकडे. स्थिर... स्थिर... आता."

मी पक्कड दाबली. खिळा निघाला.

"पुढचा. उजवीकडे दोन बोटं. स्थिर. शिंक येतेय? येऊ दे. आता."

पाच खिळे. त्या सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाचा आवाज एकदाही वर गेला नाही की खाली आला नाही. पन्नास मिनिटं त्या जखमी माणसाच्या कानाशी हाच आवाज असणार, असं मला शेवटच्या खिळ्याला वाटलं. फळी सैल झाली, मी दोन बोटांनी जाड पुठ्ठ्याची कड पकडली आणि ओढली.

कुरियन बाहेर आला. उंच, हातात शिरस्त्राण, जरा वैतागलेला चेहरा. मी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे बघितलं. कापताना बघितलं असतं तर कापला नसता.

साहेबांनी तो दोन्ही हातांत धरून दाराच्या उजेडाकडे नेला. मग गुरुपादप्पा खाकरले. व्यापारी तो व्यापारीच.

"साहेब, एक बोलतो. हा इथं आल्यापासून दुकान चाललंय. तुमचं विमान त्यानं सांभाळलं, आता माझं दुकान सांभाळतोय. याची नक्कल काढा, हवी तेवढी मोठी काढा, सभागृहात लावा. पण मूळ परत इथंच, लक्ष्मीच्या मागं."

मी खवळलो. मूळ ठेवून नक्कल देणार! असला सौदा बघितला नव्हता. मी म्हणालो, "नक्कल तुम्ही ठेवा, मूळ साहेबांचं!" मी आणखी पाच मिनिटांत त्यांना वाकवलं असतं, त्यांचा डावा डोळा फडफडायला लागला की ते वाकतात, आणि तो फडफडत होता. एवढ्यात साहेब म्हणाले, "ठीक आहे."

"साहेब!" मी ओरडलो.

"ठीक आहे, अण्णा. इथं बरा आहे तो. कामात आहे."

जिंकलेला डाव असा कुणी टाकून दिलेला मी बघितला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

महेशनं दोन्ही अर्धे स्कॅन करून जोडले. जोड मलाही सापडला नाही, आणि हे मी त्याला सांगितलेलं नाही. सत्कार झाला. सभागृहात दोघं शेजारी शेजारी उभे आहेत, खाली पितळी पट्टीवर साहेबांच्या हट्टानं कुरियनचं नाव आधी. जमखंडीकर वकिलांनी भाषणात 'मैत्रीचं प्रतीक असलेलं हे दुर्मिळ छायाचित्र आम्ही आग्रहानं अखंड ठेवलं' असं सांगितलं, आणि अहवालात 'कारागिराच्या निष्काळजीपणामुळे झालेला विलंब' असं छापलं. मंडळाच्या ज्या अंकात हा लेख येतोय त्याचे संपादकही तेच आहेत. त्यांना हा लेख कापायचा असेल तर कापावा, पण कापलेला भाग मला परत द्यावा. मी तो उत्तम फ्रेममध्ये बसवून त्यांच्याच चेंबरसमोर लावीन.

साहेब आता दर महिन्याला धारवाडहून मिरची घ्यायला येतात. त्यांच्या मिसेस मला म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांनी ह्यांचं तिखट बंद केलंय. घरात मिरचीचे डबे भरलेत." गुरुपादप्पा त्यांना मोठे लक्ष्मीभक्त समजतात, कारण ते गादीसमोर हात मागं बांधून दहा मिनिटं उभे असतात.

परवा मीही तिथं होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, मूळ देऊन बसलात. आता काय बघताय? तो तर मागच्या बाजूला आहे, दिसत थोडाच?"

"उडताना तरी कुठं दिसायचा, अण्णा," ते म्हणाले. "मी पुढं नाकात, तो मागं. आवाज तेवढा यायचा. मागं आहे एवढं माहीत असलं की पुरायचं."

मग त्यांनी पाव किलो मिरची घेतली, भाव न विचारता.